मॅकवरच्या विंडोजमध्ये ग्राफिक्स ड्रायव्हर बदलताना

बूट कॅम्पने, म्हणजे इंटेल मॅकवर विंडोज टाकण्यासाठी ॲपलने दिलेल्या सोयीने, मॅकवर विंडोज टाकले की स्टार्ट मेन्यू, सेटिंग्ज, डिव्हाइस मॅनेजर सगळे इतर कुठल्याही पीसीसारखेच दिसते. मग ग्राफिक्स ड्रायव्हरही, म्हणजे पडद्यावर चित्र उमटवणारी चिप चालवणारा प्रोग्रॅमही, पीसीसारखाच बदलावा असे वाटणे साहजिक आहे. चिप कोणत्या कंपनीची ते पाहायचे, तिच्या साइटवरचा सगळ्यात नवा ड्रायव्हर उतरवायचा आणि ‘नेक्स्ट, नेक्स्ट’ करत जायचे. मॅकवर घोटाळा होतो तो इथेच.

चिप एएमडीची, इंटेलची किंवा एनव्हिडियाची असली, तरी ती ज्या बोर्डावर बसते तो ॲपलचा असतो. पडद्याचा ब्राइटनेस, पॅनलला जाणारा सिग्नल, दोन ग्राफिक्स चिपांमधला बदल, पंख्यांचा वेग ही सगळी मांडणी ॲपलने आपल्या पद्धतीने केलेली असते. चिप बनवणाऱ्या कंपनीचा सर्वसाधारण ड्रायव्हर ही मांडणी गृहीत धरून लिहिलेला नसतो. एएमडीच्या अनेक ड्रायव्हरांच्या माहितीपत्रकातच लिहिलेले असते की हा ड्रायव्हर बूट कॅम्पवर चालणाऱ्या मशिनांसाठी नाही. ही ओळ वाचायचे कष्ट फारसे कुणी घेत नाही.

बदलायची गरज आहे का, हे आधी ठरवा

‘नवे आले आहे’ एवढेच कारण असेल, तर मॅकवरच्या विंडोजमध्ये ड्रायव्हरला हात लावू नका, असे माझे स्पष्ट मत आहे. बदलायला सबळ कारणे मोजकीच आहेत. एखादा गेम किंवा थ्रीडी सॉफ्टवेअर ठरावीक व्हर्जनखाली सुरूच होत नाही. व्हिडिओ एडिटरमध्ये कार्ड ओळखले जात नाही. झोपेतून उठल्यावर स्क्रीन काळी राहते. किंवा डिव्हाइस मॅनेजरमध्ये ‘मायक्रोसॉफ्ट बेसिक डिस्प्ले अडॅप्टर’ असे नाव दिसते, म्हणजे खरा ड्रायव्हर बसलेलाच नाही. असे काही नसेल आणि मशीन नीट चालत असेल, तर नव्या ड्रायव्हरने गेममध्ये सेकंदाला दोन-चार फ्रेम वाढतील या आशेवर ब्राइटनेसची बटणे गमावण्यात शहाणपणा नाही.

तुमचा मॅक कोणता?

एम-१ किंवा त्यापुढची चिप असलेला मॅक असेल, तर या लेखातले बहुतेक काही तुम्हाला लागू नाही. २०२० च्या नोव्हेंबरमध्ये एम-१ चे मॅक आले आणि त्यांच्यावर बूट कॅम्प चालतच नाही. तिथे विंडोज पॅरलल्स किंवा व्हीएमवेअर फ्युजनमध्ये, आभासी मशीन म्हणून चालते. त्या विंडोजला दिसणारे ग्राफिक्स कार्डही आभासीच असते आणि त्याचा ड्रायव्हर ‘पॅरलल्स टूल्स’ किंवा ‘व्हीएमवेअर टूल्स’मधून येतो. अपडेट करायचे ते हे टूल्स. कंपन्यांच्या साइटवरून तिथे काहीही उतरवू नका.

इंटेल प्रोसेसरच्या मॅकवर आता नीट पाहू. स्टार्टवर राइट क्लिक करून डिव्हाइस मॅनेजर उघडा आणि ‘डिस्प्ले अडॅप्टर्स’ पसरवा. इथे १५ आणि १६ इंची मॅकबुक प्रो वापरणारे हमखास गोंधळतात. मशिनमध्ये इंटेलची आणि एएमडीची अशा दोन चिपा असूनही विंडोजमध्ये बहुतेक वेळा एकच दिसते. ही बिघाडाची खूण नाही. विंडोज सुरू होताना मॅकचे फर्मवेअर (मशीन सुरू होताच आधी चालणारा आतला प्रोग्रॅम) वेगळी, ताकदवान चिप चालू ठेवते आणि इंटेलची बाजूला ठेवते. विंडोजमध्ये बॅटरी लवकर संपण्यामागचे एक मोठे कारणही हेच. तेव्हा ‘इंटेलचा ड्रायव्हर गायब झाला’ म्हणून तो बळेच बसवायला जाऊ नका.

आता त्या नावावर डबल क्लिक करा, ‘डिटेल्स’ टॅबवर जा आणि यादीतून ‘हार्डवेअर आयडीज’ निवडा. एक लांबलचक ओळ दिसेल. तिच्यात ‘व्हेन’ (VEN) या अक्षरांपुढे १००२ असेल तर चिप एएमडीची, ८०८६ असेल तर इंटेलची आणि १०डीई असेल तर एनव्हिडियाची. त्याच ओळीत पुढे ‘सबसिस’ (SUBSYS) असे लिहिलेले असते आणि त्यापुढच्या आकड्यांचा शेवट १०६बी असा होतो. १०६बी ही ॲपलची खूण. कितीतरी इन्स्टॉलर मॅकवर अडतात ते या चार अक्षरांमुळे: त्यांच्या यादीत ही खूण नसते आणि मग ‘योग्य हार्डवेअर सापडले नाही’ असा निरोप येतो. निरोप खरा असतो, इन्स्टॉलर बिघडलेला नसतो.

‘ड्रायव्हर’ टॅबवरची तारीख आणि व्हर्जन लिहून ठेवा. फोनवर फोटो काढला तरी चालेल. एनव्हिडियाच्या बाबतीत विंडोज दाखवते तो आकडा आणि कंपनी वापरते तो आकडा वेगळा दिसतो, पण शेवटचे पाच आकडे जुळतात. विंडोजमध्ये २५.२१.१४.२५३१ दिसत असेल तर कंपनीच्या भाषेत तो ४२५.३१ आहे.

ड्रायव्हर कुठून घ्यायचा

पहिली निवड नेहमी ॲपलची. विंडोजच्या स्टार्ट मेन्यूत ‘ॲपल सॉफ्टवेअर अपडेट’ असते, ते चालवून पाहा. तिथे काही नसेल तर मॅकओएसमध्ये या, ‘बूट कॅम्प असिस्टंट’ उघडा आणि वरच्या पट्टीतल्या ‘ॲक्शन’ मेन्यूतून ‘डाउनलोड विंडोज सपोर्ट सॉफ्टवेअर’ निवडा. यासाठी पार्टिशनला, म्हणजे डिस्कच्या विभागणीला, हात लावावा लागत नाही. असिस्टंटच्या मुख्य खिडकीत ‘कंटिन्यू’ दाबायचे नाही, एवढे सांभाळा. उतरलेल्या फोल्डरमध्ये तुमच्याच मॉडेलसाठी लागणारे सगळे ड्रायव्हर असतात. ते फॅट स्वरूपातल्या पेनड्राइव्हवर घ्या, कारण मॅकओएस विंडोजची एनटीएफएस डिस्क वाचते, पण मुळातून तिच्यावर लिहीत नाही.

त्यानंतर चिपप्रमाणे वाट वेगळी होते.

एएमडी असेल तर सगळ्यात बरी स्थिती. एएमडीच्या साइटवर बूट कॅम्पसाठी वेगळे पान आहे आणि मॅकच्या मॉडेलप्रमाणे वेगळी पॅकेजेस आहेत. नेहमीच्या शोधपट्टीत आपल्या रेडिऑनचे (एएमडीच्या ग्राफिक्स चिपेचे) नाव टाकून मिळणारे पॅकेज आणि हे पॅकेज यांत गल्लत करू नका. साइटवर कार्ड आपोआप ओळखून देणारे जे छोटे टूल असते, तेही मॅकसाठी वापरू नका. पॅकेज निवडताना आपल्या मॉडेलचे वर्ष पक्के ठाऊक हवे. मॅकओएसमध्ये ॲपल मेन्यूतल्या ‘अबाउट धिस मॅक’मध्ये ते मिळते.

फक्त इंटेल ग्राफिक्स असलेले मॅकबुक एअर किंवा १३ इंची प्रो असेल, तर ॲपलच्या ड्रायव्हरवर थांबा. इंटेलचे जुने इन्स्टॉलर ‘संगणक बनवणाऱ्याकडून ड्रायव्हर घ्या’ असे सांगून थांबायचे. २०२० पासूनची इंटेलची पॅकेजेस सहाव्या पिढीपासूनच्या चिपांवर तशी अडवणूक करत नाहीत. पण अडवले नाही म्हणजे मॅकवर तपासून पाहिले असे नव्हे. अगदी अडलेच, तर हा प्रयोग परतीची पूर्ण सोय करूनच करा.

एनव्हिडिया असलेले मॅक आता जुने झाले. २०१२ ते २०१४ च्या मॅकबुक प्रो आणि आयमॅकमध्ये केप्लर पिढीच्या चिपा होत्या. लॅपटॉपच्या केप्लर चिपांसाठी नवे ड्रायव्हर एनव्हिडियाने एप्रिल २०१९ मध्ये थांबवले. त्यामुळे इथे ‘अपडेट’ म्हणजे जास्तीत जास्त त्या शेवटच्या मालिकेपर्यंत पोचणे. त्यापुढचा कुठलाही नवा ड्रायव्हर या चिपांसाठी नाही, कितीही शोधला तरी.

उत्साही मंडळींनी फेरफार करून मॅकसाठी बनवलेले ड्रायव्हरही नेटवर मिळतात. काही चांगले चालतात, हे खरे. पण ड्रायव्हर हा विंडोजच्या गाभ्यात चालणारा प्रोग्रॅम आहे. तो बसवण्यासाठी ड्रायव्हरची डिजिटल सही तपासण्याची सुरक्षा बंद करा असे कुणी सांगत असेल, तर तिथून परत फिरा. आणि ‘तुमचे १७ ड्रायव्हर जुने आहेत’ असे लाल अक्षरांत सांगणारी ड्रायव्हर अपडेटर सॉफ्टवेअरे मॅकवर तर मुळीच नकोत. १०६बी त्यांच्या गावीही नसते.

परतीची सोय

कामाच्या फाइलींचा बॅकअप घ्या. टाइम मशीन विंडोजचे पार्टिशन धरत नाही, हे पुष्कळांना गरज पडते तेव्हाच कळते. कंट्रोल पॅनलमधल्या ‘बॅकअप अँड रिस्टोअर’ने बाहेरच्या डिस्कवर पूर्ण इमेज (विंडोजची हुबेहूब प्रत) घेतली तर उत्तमच.

मग रिस्टोअर पॉइंट, म्हणजे विंडोजची आत्ताची स्थिती, जिच्यावर पुढे परत जाता येते. स्टार्टमध्ये ‘क्रिएट अ रिस्टोअर पॉइंट’ शोधा. सी ड्राइव्हसमोर ‘ऑफ’ असेल तर ‘कॉन्फिगर’मधून ते चालू करा आणि मग ‘क्रिएट’ दाबा. बऱ्याच मशिनांवर हे बंदच सापडते, म्हणून आपोआप झाला असेल असे धरून चालू नका.

ॲपलचे विंडोज सपोर्ट सॉफ्टवेअर पेनड्राइव्हवर तयार ठेवा. नवा ड्रायव्हर फसला तर तुम्हाला परत यायचे आहे ते याच फोल्डरवर, आणि तेव्हा वाय-फाय चालेलच असे नाही. बिटलॉकर (डिस्कला कुलूप घालणारी विंडोजची सोय) चालू असेल तर रिकव्हरी की कागदावर लिहून घ्या.

आणखी एक, किरकोळ वाटणारी पण ऐन वेळी उपयोगी पडणारी गोष्ट: वायरचा यूएसबी कीबोर्ड आणि माउस. सेफ मोडमध्ये, म्हणजे विंडोज अगदी मोजक्या ड्रायव्हरांवर चालते तेव्हा, ब्लूटूथ चालत नाही, आणि नव्या मॅकबुकांचा आतला कीबोर्डही ॲपलच्या ड्रायव्हरवर अवलंबून असतो. आयमॅकबरोबरचा मॅजिक कीबोर्ड वायरने जोडून ठेवला तरी भागते.

प्रत्यक्ष बदल

चार्जर लावा, बाहेरचे मॉनिटर काढा, झोपेची सेटिंग बंद करा. नवे पॅकेज आधीच उतरवून सी ड्राइव्हवर साध्या नावाच्या फोल्डरमध्ये ठेवलेले असू द्या.

१. ॲपलच्या किंवा एएमडीच्या बूट कॅम्प पॅकेजने, त्याच कंपनीच्या थोड्या जुन्या ड्रायव्हरवरून नव्याकडे जात असाल, तर आधी काही पुसायची गरज नाही. सेटअप चालवा. पुढच्या २ ते ४ पायऱ्या आधीचा ड्रायव्हर बिघडला असेल किंवा आधी भलताच बसवला गेला असेल, तेव्हाच्या आहेत.

२. इंटरनेट तोडा. वाय-फाय बंद करा, वायर असेल तर काढा. हे टाळले तर तुम्ही जुना ड्रायव्हर काढताच विंडोज अपडेट स्वतःचा एक आणून बसवते आणि मग कोणाचा ड्रायव्हर चालू आहे हेच कळेनासे होते.

३. सेफ मोडमध्ये जा. शिफ्ट दाबून धरून ‘रिस्टार्ट’ करा. निळ्या स्क्रीनवर ‘ट्रबलशूट’, ‘ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स’, ‘स्टार्टअप सेटिंग्ज’ आणि पुन्हा ‘रिस्टार्ट’. यादी आली की ४ दाबा. टचबारवर (काही मॅकबुकांवर वरच्या बटणांच्या जागी असलेल्या स्पर्शपट्टीवर) एफ-४ शोधत बसू नका, साधा ४ चा आकडाही चालतो. सेफ मोडसाठी ‘सिस्टिम कॉन्फिगरेशन’मध्ये खूण करण्याचा दुसरा मार्गही आहे, पण ती खूण काढायला विसरलात तर विंडोज दर वेळी सेफ मोडमध्येच उघडत राहते. शिफ्टचा मार्ग बरा.

४. जुना ड्रायव्हर पूर्ण पुसण्यासाठी ‘डिस्प्ले ड्रायव्हर अनइन्स्टॉलर’ वापरतात. वापरणारे त्याला डीडीयू म्हणतात. ते आधीच उतरवून ठेवलेले हवे. त्यात ‘जीपीयू’ निवडा, कंपनी निवडा आणि ‘क्लीन अँड रिस्टार्ट’ दाबा. इथे फक्त ग्राफिक्स पुसायचे. ऑडिओचा पर्याय सोडून द्या.

५. विंडोज पुन्हा उघडेल तेव्हा सगळे मोठे मोठे आणि धूसर दिसेल, ब्राइटनेस पूर्ण असेल. घाबरू नका, आता बेसिक डिस्प्ले अडॅप्टर चालू आहे. नवे पॅकेज चालवा. ‘ड्रायव्हर ओन्ली’ किंवा ‘मिनिमल’ असा पर्याय दिसला तर तोच घ्या. गेम रेकॉर्डिंग, ओव्हरले वगैरे जोडण्या नंतर कधीही टाकता येतात, आणि काही बिघडलेच तर तपासायला कमी गोष्टी उरतात.

मध्ये स्क्रीन काही क्षण काळी होईल, लुकलुकेल, रिझोल्यूशन बदलेल. हे अपेक्षितच आहे. निदान दहा मिनिटे तरी पॉवर बटणाला हात लावू नका.

६. इन्स्टॉलर मध्येच ‘हार्डवेअर सापडले नाही’ म्हणाला, पण पॅकेज तुमच्याच मॉडेलचे असल्याची खात्री आहे, तर एक सरळ मार्ग उरतो. एएमडीचे पॅकेज सुरू होताना आपल्या फाइली सहसा सी ड्राइव्हवर एएमडी नावाच्या फोल्डरमध्ये मोकळ्या करते. डिव्हाइस मॅनेजरमध्ये अडॅप्टरवर राइट क्लिक, ‘अपडेट ड्रायव्हर’, ‘ब्राउज माय कंप्युटर’, आणि तो फोल्डर दाखवा. ‘सबफोल्डर्स’ची खूण राहू द्या. इथेही विंडोज नाही म्हणाले तर पॅकेज तुमचे नाही. हट्टाने पुढे जाऊ नका.

७. शेवटी ‘रिस्टार्ट’ करा, ‘शट डाउन’ नको. विंडोज १० मध्ये फास्ट स्टार्टअप चालू असेल तर शट डाउन केल्यावर गाभा पूर्ण बंद होत नाही, तो डिस्कवर साठवला जातो. रिस्टार्टमध्ये मात्र सगळे नव्याने सुरू होते.

नीट बसला का?

डिव्हाइस मॅनेजरमध्ये पिवळा त्रिकोण नसावा आणि व्हर्जन बदललेले दिसावे, एवढे सगळेच पाहतात. मॅकवर त्यापुढच्या तपासण्या जास्त महत्त्वाच्या. कीबोर्डवरच्या बटणांनी ब्राइटनेस कमी-जास्त होतो का? रेटिना पडद्याचे मूळ रिझोल्यूशन यादीत आहे का? २७ इंची ५-के आयमॅकवर ५१२० × २८८० दिसायला हवे. त्याहून कमी आकड्यावर यादी संपत असेल तर ड्रायव्हरला पॅनल नीट कळलेले नाही. मग मशीन झोपवा, दोन मिनिटांनी उठवा. बाहेरचा मॉनिटर जोडा, काढा, परत जोडा. झोपेतून उठणे ही सगळ्यात कडक परीक्षा आहे. भलता ड्रायव्हर बहुतेक तिथेच उघडा पडतो.

त्यानंतर अर्धा तास तुमचे नेहमीचे जड काम करा, ज्यासाठी ड्रायव्हर बदलला तेच. स्क्रीन क्षणभर गोठून परत आली असेल तर ‘इव्हेंट व्ह्यूअर’मध्ये ‘विंडोज लॉग्ज’खाली ‘सिस्टिम’ पाहा. ४१०१ क्रमांकाची नोंद म्हणजे ड्रायव्हरने उत्तर देणे थांबवले आणि विंडोजने त्याला पुन्हा उभे केले. एखादी नोंद सोडून देता येईल. रोज दिसू लागली तर हा ड्रायव्हर तुमच्या मॅकला मानवलेला नाही.

स्क्रीन काळी राहिली तर

सगळ्यात आधी विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी ही बटणे एकत्र दाबा. ॲपलच्या कीबोर्डवर कमांड हेच विंडोज बटण. ग्राफिक्स ड्रायव्हर नव्याने सुरू होतो आणि पुष्कळदा चित्र परत येते.

नाही आले तर पॉवर बटण दाबून धरून मशीन बंद करा. सुरू करताना ऑप्शन दाबून धरा आणि मॅकओएस निवडा. तिथे पडदा व्यवस्थित दिसला, तर हार्डवेअर शाबूत आहे आणि दोष विंडोजच्या ड्रायव्हरचा, हे तिथल्या तिथे कळते. पीसीवाल्यांना ही सोय नसते.

आता परत विंडोजकडे. सुरू होता होता लागोपाठ दोन-तीन वेळा बंद पडले की विंडोज आपणहून दुरुस्तीची निळी स्क्रीन दाखवते. तिथून वर सांगितल्याप्रमाणे सेफ मोडमध्ये जा, डिव्हाइस मॅनेजरमध्ये अडॅप्टरचे ‘प्रॉपर्टीज’ उघडा आणि ‘ड्रायव्हर’ टॅबवर ‘रोल बॅक ड्रायव्हर’ दाबा. डीडीयूने आधीचा पुसला असेल तर हे बटण फिके दिसेल; मग नवा ड्रायव्हरही डीडीयूने काढा आणि पेनड्राइव्हवरच्या बूट कॅम्प फोल्डरमधला सेटअप चालवा. तेही जमले नाही तर निळ्या स्क्रीनवरच्या ‘ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स’मध्ये ‘सिस्टिम रिस्टोअर’ आहे, आणि तुम्ही केलेला पॉइंट तिथे दिसेल.

‘कोड ४३’ दिसला तर त्याचा अर्थ एवढाच, की उपकरणाने अडचण कळवली म्हणून विंडोजने ते थांबवले. भलत्या ड्रायव्हरनेही तो येतो आणि चिप खराब झाल्यानेही. ॲपलचा ड्रायव्हर स्वच्छ बसवूनही तो राहिला आणि मॅकओएसमध्येही पडद्यावर रेघा किंवा ठिपके दिसत असतील, तर ड्रायव्हरचा नाद सोडून मशीन दुरुस्तीला न्या.

विंडोज अपडेटला आवर

इतके करूनही आठवड्याभरात विंडोज अपडेट आपल्या मनाने ग्राफिक्स ड्रायव्हर बदलू शकते. स्टार्टमध्ये ‘चेंज डिव्हाइस इन्स्टॉलेशन सेटिंग्ज’ शोधून तिथे ‘नो’ निवडा. विंडोज प्रो असेल तर ग्रुप पॉलिसी एडिटरमध्ये, विंडोज अपडेटच्या विभागात, ‘डू नॉट इन्क्लूड ड्रायव्हर्स विथ विंडोज अपडेट्स’ चालू करा. हा उपाय जास्त खात्रीचा. ‘ऑप्शनल अपडेट्स’मध्ये दिसणाऱ्या डिस्प्ले ड्रायव्हरांवर खूण करू नका.

ॲपलने बूट कॅम्पसाठी विंडोज ११ ला अधिकृत पाठिंबा कधीच दिला नाही, आणि विंडोज १० चा सर्वसाधारण पाठिंबा मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ ला संपवला. त्यामुळे या मॅकांसाठी नवे ग्राफिक्स ड्रायव्हर येण्याची आशा फारशी धरू नका. तुमच्या मशिनवर नीट चाललेला ड्रायव्हर सापडला की त्याचे पॅकेज, बूट कॅम्पचे फोल्डर आणि डीडीयू एका पेनड्राइव्हवर ठेवून द्या, सोबत एका साध्या टेक्स्ट फाइलमध्ये मॉडेलचे वर्ष, ड्रायव्हरचे व्हर्जन आणि बसवल्याची तारीख लिहा. डाउनलोडची पाने कंपन्या न सांगता काढून टाकतात.